महामार्ग गावातून जातो, बाई कुठून जाते?

(ग्रामीण भागात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. सत्राचा विषय होता : 'गावाचे आकडे आणि गावातल्या बाया'.)

मैत्रिणींनो,

जेवणानंतरचं सत्र आणि विषय आकड्यांचा, म्हणजे झोपेला आमंत्रणच. पण तुम्ही दोन-दोन गाड्या बदलून इथवर आलेल्या आहात. तेव्हा रस्त्याबद्दल बोलताना तुम्हांला झोप येणार नाही अशी माझी खात्री आहे.

आपल्या चळवळीत आकड्यांविषयी थोडी नावड आहे. आकडे म्हणजे सरकारचं काम, आपलं काम माणसांचं, असं आपण म्हणतो. पण पाड्यावर रस्ता येणार की नाही, उपकेंद्र कुठे उघडणार, अंगणवाडी मोठी की मिनी, हे सगळं कुणीतरी एका कागदावरचा लोकसंख्येचा आकडा बघून ठरवतं. त्या आकड्यात आपल्या बाया नीट आलेल्या नसतील, तर त्यांच्या वाट्याला रस्ताही येत नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे. त्यासाठी मी एक गाव घेते, डहाणू तालुक्यातलं चारोटी.

नकाशावरचं चारोटी

मुंबई-अहमदाबाद महामार्ग तुमच्यापैकी अनेकींना माहीत असेल. पूर्वी त्याला राष्ट्रीय महामार्ग ८ म्हणत, आता ४८ म्हणतात. मुंबईहून निघालं की शंभर-सव्वाशे किलोमीटरवर चारोटी नाका लागतो. इथून पश्चिमेला डहाणूचा रस्ता फुटतो. पंचवीस-एक किलोमीटरवर डहाणू रोड स्टेशन. तिथपर्यंत २०१३ सालापासून मुंबईची लोकलसुद्धा येते. पूर्वेला कासा, आणि पुढे जव्हार. उत्तरेला तलासरी आणि मग गुजरातची हद्द. जवळच विवळवेढ्याची महालक्ष्मी, जिची चैत्रातली यात्रा सगळ्या वारली मुलखाला माहीत आहे. टोलनाका आहे, हॉटेलं आहेत, रात्रंदिवस ट्रक आहेत. दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा मुंबई-वडोदरा टप्पा याच तालुक्यांतून जातो. बुलेट ट्रेनचा मार्ग आणि मालगाड्यांचा स्वतंत्र लोहमार्गही याच पालघर जिल्ह्यातून.

नकाशा बघणारा माणूस म्हणेल, या गावाला दळणवळणाची काय कमी?

जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावासाठी एक ओळ असते. २०११ च्या पुस्तिकेत त्या ओळीत बरेच रकाने होते. सरकारी बस, खाजगी बस, रेल्वे स्टेशन, रिक्षा, राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, डांबरी रस्ता, खडीचा रस्ता, अगदी पायवाटसुद्धा. सोय गावात असेल तर 'आहे', नसेल तर ती किती लांब : पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, की दहाच्या पुढे. महामार्गावरच्या गावापुढे 'आहे' लागतं, आणि ते खोटंही नसतं.

प्रश्न असा, की 'गाव' म्हणजे कोण?

गाव एक, पाडे अनेक

देशावरून आलेल्या मैत्रिणींना हे मुद्दाम सांगायला हवं. तुमच्याकडे गाव म्हणजे एका जागी दाटीनं बसलेली घरं, पांढरी, वेस, चावडी. डहाणू-तलासरीकडे गाव तसं नसतं. गाव म्हणजे महसुली हद्द. तिच्या आत पाडे विखुरलेले. एक पाडा रस्त्याला, दुसरा ओढ्यापलीकडे, तिसरा टेकडीच्या पायथ्याशी जंगलाला लागून. २०११ च्या जनगणनेत डहाणू तालुक्याची लोकसंख्या ४ लाख २ हजारांच्या आसपास होती, तलासरीची दीड लाखाच्या थोडी वर. डहाणूत दहांतली सुमारे सात माणसं आदिवासी, तलासरीत दहांतली नऊ. वारली, कोकणा, दुबळा, कातकरी. यांतली बहुतेक पाड्यांवर राहतात.

जनगणनेची ओळ असते महसुली गावाची, पाड्याची नाही. म्हणजे गावाच्या हद्दीतून कुठूनही महामार्ग गेला की सगळ्या गावापुढे 'आहे' लागतं. ओढ्यापलीकडच्या पाड्यावरून पावसाळ्यात नाक्यावर येणारी बाई गुडघाभर पाण्यातून येते, हे त्या ओळीत कुठे बसणार?

एका पाड्यावर आम्ही बायांना विचारलं, "तुमच्या गावाला रस्ता आहे का?" एक आजी म्हणाली, "गावाला हाय. आमाला नाय." पुस्तिकेतल्या सगळ्या रकान्यांत नाही ती माहिती तिच्या या उत्तरात आहे.

मोजणी कधी होते?

आता लोकसंख्येकडे येऊ. २०११ ची गणना झाली ९ ते २८ फेब्रुवारी या काळात. नियम असा, की नेहमी राहणारा माणूस त्या दिवसांत केव्हाही घरी असेल तर त्याची नोंद घरी. सगळे दिवस बाहेर असेल तर जिथे सापडेल तिथे.

फेब्रुवारीत आपल्या बाया कुठे असतात? दिवाळी झाली, भाताची झोडणी झाली की नाक्यानाक्यावर टेम्पो आणि ट्रक लागतात. शेठकडून उचल घेतलेली कुटुंबं चूलबोळकं, कोंबड्या, तान्ही पोरं घेऊन वीटभट्टीवर जातात. वसई, भिवंडी, कल्याणकडे. काही जण बांधकामावर, काही रेतीवर. मधे होळीला येतात, परत जातात, पावसाच्या तोंडावर घरी येतात. म्हणजे गणनेचे ते वीस दिवस नेमके भट्टीच्या भर हंगामात पडतात. भट्टीवरच्या झोपडीपर्यंत गणना करणारा पोचला तर ही कुटुंबं भट्टीच्या गावात मोजली जाणार. नाही पोचला तर कुठेच नाही. त्यांच्या पाड्याचा आकडा मात्र दोन्हीं प्रकारे घटलेलाच.

पुढच्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली. संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. म्हणजे माणसं मोजायचे दिवस पुन्हा भट्टीच्या हंगामातच. यावर आपण काय करायचं ते शेवटी बोलू.

आकड्यावरून रस्ता ठरतो तो असा

तुम्ही म्हणाल, पाच-पन्नास माणसं इकडची तिकडे मोजली गेली तर एवढं काय बिघडलं? बिघडतं ते असं.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० ला सुरू झाली. तिची मूळ अट अशी : सपाटीवर ५०० लोकसंख्येची वस्ती, आणि डोंगराळ, वाळवंटी किंवा आदिवासी अनुसूचित क्षेत्रात २५० ची वस्ती. तेव्हा २००१ च्या जनगणनेचा आकडा धरला. २०२४ मधे तिच्या चौथ्या टप्प्याला मंजुरी मिळाली, तिथे २०११ चा आकडा आहे. आता समजा एका पाड्यावर २७० माणसं आहेत आणि त्यातली दहा कुटुंबं फेब्रुवारीत भट्टीवर होती. पाडा गेला २५० च्या खाली. बारमाही रस्त्याच्या यादीतून बाहेर. हे नुकसान एका वर्षाचं नाही, पुढची गणना होऊन तिचे आकडे लागू होईपर्यंतचं आहे.

दुसरी अट अंतराची. वस्ती बारमाही रस्त्यापासून ५०० मीटरच्या आत असेल तर ती 'जोडलेली' धरतात. डोंगराळ भागात हेच अंतर दीड किलोमीटर. कागदावर ५०० मीटर म्हणजे हाकेचं अंतर. पण त्या हाकेच्या अंतरात ओढा असला, पूल नसला, आणि पोटात कळा येत असल्या तर?

हेच आरोग्याचं. आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, २०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असं प्रमाण आहे. आकडा कमी धरला की उपकेंद्र लांब जातं. रस्ता नाही आणि उपकेंद्रही लांब. दोन्ही गोष्टी एकाच आकड्यामुळे, आणि दोन्हींचा भार एकाच बाईवर.

सगळंच वाईट आहे असं मी म्हणत नाही. कातकऱ्यांसारख्या समूहांसाठी २०२३ मधे आलेल्या पीएम-जनमन कार्यक्रमात १०० लोकसंख्येच्या वस्तीलाही रस्ता देता येतो. राज्य सरकारनंही २०२३ मधे आदिवासी वाड्या-पाड्यांसाठी भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजना जाहीर केली. पण यादीत आपला पाडा आला आहे की नाही हे बघायला पाड्यावरचं कुणी पंचायत समितीत जातं का? गेलीच तर हातात काय घेऊन जाते?

जिचं चालणं कुणी विचारत नाही

२०११ च्या जनगणनेत कामावर जाण्याबद्दल प्रश्न होते. कामाची जागा घरापासून किती लांब, आणि जाता कशानं? पायी, सायकल, बस, रेल्वे. पण हे विचारायचं फक्त 'इतर कामगारां'ना. शेतकरी, शेतमजूर आणि घरगुती उद्योगात काम करणारे त्यातून वगळले. आमच्याकडच्या बाया कोण आहेत? शेतमजूर. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत जाणाऱ्या, भातलावणीला जाणाऱ्या. कारखान्यात रोज जाणारा पुरुष त्या तक्त्यात आला. लावणीसाठी चार किलोमीटर चालणारी त्याची बायको आली नाही.

पाण्याचंही तसंच. ग्रामीण भागात घरापासून पाणी ५०० मीटरच्या पुढे असेल तर 'लांब' असं लिहायचं. मग ते सहाशे मीटरवर असो की अडीच किलोमीटरवर, शब्द एकच. दिवसातून खेपा किती, हा प्रश्न नाही. मोळीसाठी रानात जावं लागतं, हा प्रश्न नाही. रेशनसाठी एकदा जाऊन मशीनवर अंगठा लागला नाही म्हणून परत जावं लागतं, हाही नाही.

एका पाड्यावर बायांबरोबर बसून आम्ही चिंचोके मांडले. घर मधे. दर खेपेला एक चिंचोका. पाणी, मोळी, रेशन, दळण, दवाखाना, मजुरी, शाळेत पोराला सोडणं. मग शेजारी नवऱ्यांचे चिंचोके मांडले. बायांच्या बाजूला ढीग झाला, पुरुषांच्या बाजूला मोजके. पण पुरुषांचा एकेक चिंचोका लांबचा होता. बोईसर, वापी, उंबरगाव, आणि तोही गाडीनं. बायांचे सगळे चिंचोके पायी आणि डोक्यावर ओझं. एक बाई म्हणाली, "आमी गाव सोडून कुठं जात नाय, पण दिसभर चालतोच." दळणवळणाची सगळी आखणी लांबच्या प्रवासासाठी होते, हे त्या दिवशी बायांनीच बोलून दाखवलं.

१७ मार्च २०२३ पासून राज्यात एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं. चांगलं झालं. डहाणू, जव्हारच्या बाजाराला जाणाऱ्या बायांना त्याचा उपयोग होतो. पण अर्धं तिकीट काढायला आधी एसटी यायला लागते. फाट्यापर्यंत पाय, आणि फाट्यावर एसटीची वाट बघत दोन तास. शेवटी जीप नाहीतर इको येते, तिला पूर्ण भाडं, आणि माणसं भरल्याशिवाय ती हलत नाही. संध्याकाळी उशीर झाला तर घरात बोलणी खावी लागतात ती निराळीच. मुलीला कॉलेजला पाठवायचं की नाही हे कित्येक घरांत शेवटच्या गाडीच्या वेळेवर ठरतं.

कळा सुरू झाल्यावर

बाळंतपणाचं मी थोडक्यात सांगते, कारण तुम्ही सगळ्याजणी ते जवळून बघता.

ऑगस्ट २०२२ मधे आपल्याच जिल्ह्यात, मोखाडा तालुक्यातल्या मर्कटवाडीत एका बाईला दिवस भरायच्या आधी घरीच जुळं झालं. दोन्ही बाळं गेली. बाईला डोली करून डोंगर उतरवून मुख्य रस्त्यापर्यंत आणावं लागलं. तिथे रस्ता नव्हता. नोव्हेंबर २०२४ मधे डहाणू तालुक्यातल्या एका गरोदर बाईला कासा इथल्या सरकारी रुग्णालयातून सिल्वासाला हलवत होते. ती वाटेतच दगावली. ॲम्ब्युलन्स यायला उशीर झाला, असं घरच्यांचं म्हणणं वर्तमानपत्रांत आलं. कासा महामार्गापासून चार पावलांवर. तिथे रस्ता होता.

या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिलीत रस्ता नाही. दुसरीत रस्ता उत्तम आहे, पण त्यावरून योग्य वेळी, योग्य सोयीची गाडी धावत नाही आणि उपचार जवळ नाहीत. म्हणून नुसती 'रस्ता द्या' ही मागणी अपुरी आहे. पाड्यापासून फाट्यापर्यंत वाट, फाट्यापासून दवाखान्यापर्यंत गाडी, आणि दवाखान्यात डॉक्टर व रक्त. या तिन्हीं कड्या जुळल्या तर बाई जगते.

कायद्यानं काय आहे? जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत, आणि घरून नेणं, एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेणं, परत घरी सोडणं हेही मोफत. १०२ आणि १०८ हे क्रमांक सगळ्यांना पाठ आहेत. पण फोनला रेंज कुठल्या टेकाडावर मिळते, हेही पाड्यावरच्या आशाताईला पाठ असावं लागतं. दुर्गम भागातल्या आरोग्य केंद्रांत 'माहेरघर' आहे, बाईनं बाळंतपणाआधी चार दिवस तिथे येऊन राहावं म्हणून. सोय चांगली. पण आधीची दोन पोरं, शेळ्या आणि पाणी कुणाच्या भरवशावर सोडायचं? घरातलं काम वाटून घेतलं गेलं नाही तर माहेरघराची खाट रिकामी राहते. रस्त्याचा प्रश्न असा फिरून आपल्या नेहमीच्या प्रश्नाशी येतो.

महामार्ग कुणासाठी?

४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटार आदळून सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी गेले. त्या आठवड्यात चारोटीचं नाव देशभर झालं. मागच्या सीटवर पट्टा लावावा की नाही, पुलाजवळ रस्ता अरुंद का होतो, यावर भरपूर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. कुणाचाही मृत्यू लहान नाही.

पण मैत्रिणींनो, त्याच वर्षी देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांच्या वर माणसं मेली, आणि त्यातली जवळजवळ पाचवा हिस्सा पायी चालणारी होती. हा महामार्ग पाडा आणि शेत, पाडा आणि शाळा, पाडा आणि दवाखाना यांच्या मधून जातो. डोक्यावर मोळी, काखेत पोर, आणि समोरून भरधाव येणारे ट्रक. रस्ता ओलांडणं हेच तिचं दळणवळण. तिच्यासाठी पट्ट्याची चर्चा नाही. तिला हवा असतो भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल, रात्री दिवा, आणि एसटी थांबेल तिथे उभं राहायला शेड. एकट्या बाईला नाक्यावर रात्री उभं राहणं किती अवघड असतं, ते वेगळं सांगायला नको.

नवा द्रुतगती मार्ग तर आणखी निराळा. त्यावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना मनाई. दोन्ही बाजूंना कुंपण, आत-बाहेर करायचं ते ठराविक ठिकाणीच. ज्यांची जमीन त्याला गेली त्यांच्यासाठी तो रस्ता नाहीच, ती एक भिंत आहे. बुलेट ट्रेनची पालघर जिल्ह्यातली स्टेशनं विरार आणि बोईसर. डहाणू-तलासरीतल्या पाड्यांनी ती जाताना बघायची. आणि जमिनीचा मोबदला? सातबारा ज्याच्या नावावर त्याला. बाईचं नाव तिथे किती ठिकाणी असतं ते तुम्ही जाणताच. जमीन गेली की तिची मजुरी, गवत, पालेभाजी, मोळी, सगळंच गेलं, पण तिच्या हाती पैसा येत नाही.

रस्ता नकोच का मग?

हा प्रश्न मला बायांनीच विचारला आहे. "रस्ता झाला की आधी दारूची गाडी येते, मग ॲम्ब्युलन्स." "रस्ता झाला म्हणून भट्टीवाल्याचा टेम्पो दारात आला." यात तथ्य आहे. या मुलखात बाहेरून आलेला रस्ता कशासाठी आला हे लोकांनी पिढ्यान् पिढ्या बघितलं आहे. लाकूड, गवत, कोळसा बाहेर न्यायला वाटा झाल्या. १९४५ साली वेठबिगारी आणि लग्नगडी पद्धतीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला तेव्हा गोदावरी परुळेकर याच भागात पाड्यापाड्यांतून पायी हिंडल्या. माणसं शेकड्यांनी जमली ती पायवाटांनीच. रस्ता असला म्हणजे माणूस मोकळा होतो असं नाही, हे या भागाइतकं कुणाला माहीत असणार?

तरीही त्याच बायांना मी पुढे विचारते, "मग रस्ता नको म्हणून लिहू का?" तेव्हा एकही 'हो' म्हणत नाही. त्यांना रस्ता हवा आहे, पण कुठून कुठे आणि कशासाठी हे ठरवताना त्यांना विचारलं जायला हवं आहे. माझं म्हणणंही तेच. आधी पाड्यापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता, मग मुंबईपासून दिल्लीपर्यंतचा. हा क्रम उलटा झाला आहे, तो सुलटा करायची मागणी आपण करायची.

आपण काय करू शकतो?

पहिलं. पाड्याची मोजणी आपण करू. सरकारी जनगणनेची वाट न बघता. एक वही पुरे. दर घरी माणसं किती, त्यातली भट्टीवर कोण, कधी जातात, कधी येतात. पाणी किती लांब, खेपा किती. बारमाही रस्ता किती लांब, मधे ओढा आहे का, पावसाळ्यात किती दिवस वाट बंद. गेल्या वर्षी किती बाया झोळीतून न्याव्या लागल्या. ही वही बचत गटाच्या बाया, आशा आणि अंगणवाडी ताई मिळून करू शकतात. लिहिता येत नसेल तिथे चिंचोके आहेतच.

दुसरं. ही वही महिला सभेत वाचायची. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे, ती बहुतेक ठिकाणी कागदावरच होते. ती खरी घ्यायला लावायची. तिथला ठराव ग्रामसभेत मांडायचा.

तिसरं. रस्त्याची वाट वनजमिनीतून जाते म्हणून काम अडलंय, असं सांगितलं जातं. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मधे रस्ता, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाण्याची सोय अशा तेरा कामांसाठी वनजमीन देता येते. अट अशी की एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. या कायद्याखालच्या ग्रामसभेत निम्मी गणसंख्या लागते आणि त्यात एक तृतीयांश बाया असाव्याच लागतात. म्हणजे आपण गेलो नाही तर सभाच होत नाही. ही आपली ताकद आहे.

चौथं. पाड्याला स्वतःची ग्रामसभा मिळू शकते. पेसा कायदा १९९६ चा, त्याचे महाराष्ट्राचे नियम ४ मार्च २०१४ चे. पाड्यावरच्या निम्म्याहून जास्त मतदारांनी ठराव केला तर आपला पाडा वेगळं गाव म्हणून जाहीर करून घेण्याची प्रक्रिया सुरू करता येते. रस्त्याला लागून असलेल्या मोठ्या पाड्याच्या सभेत ओढ्यापलीकडच्या बाईचा आवाज पोचत नसेल, तर तिच्या अंगणात सभा भरवायचा हा मार्ग आहे.

पाचवं. महामार्ग, द्रुतगती मार्ग, बंदराचा रस्ता, जिथे जिथे काम चालू आहे तिथे भुयारी मार्ग कुठे हवा ते बायांनी ठरवावं. इंजिनिअरच्या नकाशावर गाडीरस्ते दिसतात, बायांच्या पायवाटा दिसत नाहीत. आपल्या वहीतला नकाशा लेखी निवेदनासोबत द्यायचा आणि पोच घ्यायची. काम होऊन कुंपण पडल्यावर मागून काही मिळत नाही.

सहावं आणि महत्त्वाचं, जनगणना. फेब्रुवारीच्या आधी प्रत्येक पाड्यावरून बाहेर गेलेल्या कुटुंबांची यादी करून ती तहसीलदाराला द्यायची. होळीआधी गणनेच्या दिवसांत कुणी एक दिवस जरी घरी आलं तरी त्याची नोंद घरी होते, हे भट्टीवर जाणाऱ्यांना आधीच सांगायचं. आणि भिवंडी, वसईकडे काम करणाऱ्या मैत्रिणींनो, तुमच्याकडच्या भट्ट्यांवर गणना करणारा पोचतो की नाही हे तुम्ही बघायचं. आमची बाई तुमच्याकडे मोजली गेली तर निदान मोजली तरी जाईल.

आकड्यांसाठी भांडणं आपल्या चळवळीला नवं नाही. पूर्वीच्या जनगणनांत "काम करता का?" असं विचारलं की घरचे सांगायचे, "ती काही करत नाही, घरीच असते." ती 'घरीच' असणारी बाई लावणी, बेणणी, कापणी, झोडणी सगळं करायची. बायांच्या संघटनांनी आणि अभ्यासकांनी हे लावून धरलं. १९९१ च्या जनगणनेत त्या प्रश्नात शेतावरचं आणि घरच्या उद्योगातलं बिनपगारी कामही धरायचं असे शब्द आले. एका प्रश्नात चार शब्द घालायला किती वर्षं गेली! पण ते आले, कारण बायांनी मागितले.

आता त्यापुढचे शब्द आपल्याला मागायचे आहेत : कोणता पाडा, किती लांब, कशानं, डोक्यावर काय घेऊन. घरी परत गेल्यावर आपल्या गावाची जनगणनेतली ती एक ओळ शोधा. तिच्याखाली तुमच्या पाड्यांच्या ओळी लिहा आणि पुढच्या शिबिराला वह्या घेऊन या. आपण त्या एकत्र मांडू आणि जिल्हा परिषदेत घेऊन जाऊ.